कच्ची पेटी की पिकलेला डझन? हापूस घेण्याआधीचा हिशोब

एप्रिल सरत आला की घरोघरी एकच विषय निघतो: यंदा बागायतदाराकडून कच्ची पेटी मागवायची, की दर रविवारी बाजारातून पिकलेला डझन आणायचा? आंबा परवडत नाही म्हणून वर्षभर थांबलेल्या घरात हा निर्णय लहान नसतो. पाच डझनांची पेटी म्हणजे एकदम मोठी रक्कम हातातून जाते. डझन मात्र महिनाभराच्या खर्चात मिसळून जातो, म्हणून तो स्वस्त वाटतो.

भावाचा हिशोब आधी उरकू. इथले आकडे नुसते उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव तिथे घाला. समजा, पिकलेला डझन 900 रुपयांना आहे आणि पाच डझनांची कच्ची पेटी गाडीभाड्यासकट 3300 रुपयांना. पेटीतल्या साठ फळांतली पाच-सहा जाणार, हे धरूनच चालायचं. 3300 ला उरलेल्या चोपन्नांनी भागलं तर फळ साधारण 61 रुपयांना पडतं. डझनातलं एक खराब निघालं तर बाकीची अकरा प्रत्येकी 82 ना. तफावत खरी आहे, पण पेटीतली आणखी दहा-बारा फळं एकदम सडली तर ती बरीचशी पुसली जाते. म्हणून ‘पेटी स्वस्त’ हे वाक्य ‘अढी (पेंढ्यात झाकून फळं पिकवणं) जमली तर’ एवढं जोडूनच म्हणायला हवं.

भाव विचारताना डझनावर जाऊ नका, फळाचं वजन विचारा. 200 ग्रॅमच्या फळांचा डझन 2.4 किलो भरतो, 300 ग्रॅमचा 3.6 किलो. छोटा डझन 600 ला आणि मोठा 1000 ला असेल तर किलोमागे 250 आणि 278 पडतात. छोटा स्वस्त दिसतो, पण छोट्या फळात कोयीचा आणि सालीचा वाटा जास्त जातो, त्यामुळे रसाच्या हिशोबाने दोन्ही जवळपास सारखेच. रसासाठी 250 ग्रॅमच्या आसपासचं फळ मला सगळ्यात सोयीचं वाटतं: एक आंबा, एक वाटी रस. चार माणसांनी प्रत्येकी दोन वाट्या धरल्या तर आठ आंबे, म्हणजे डझनातही काम भागतं. बाहेर आमरस-पुरीची थाळी खायला जायचा विचार असेल तर चौघांच्या थाळ्यांचे पैसे आणि एका डझनाचे पैसे शेजारी मांडून बघा. पुऱ्या लाटायचा कंटाळा हे थाळीच्या बाजूचं एकमेव वजनदार कारण आहे, आणि ते कमी लेखू नये.

आता पिकलेल्या डझनाबद्दल. त्याची बाजू भक्कम आहे. घरात जागा लागत नाही, कोणी रोज वाकून आंबे चाळत बसत नाही, पाहुणे येणार त्या दिवशी आणला की झालं. ओळखीचा फळवाला असेल तर तो ‘आज खायचे की परवा’ हे विचारून निवडून देतो, आणि हे कसब पैसे देऊन विकत घेण्यासारखंच आहे. दोन-तीन माणसांच्या घरात, किंवा मधुमेहामुळे आंबा मोजून खाल्ला जातो अशा घरात, पेटी आणून काय करायचं? तिथे डझनच योग्य, त्यावर वाद नाही.

माझं मन त्याच्यावरून उडालं ते एका गोष्टीने: वरून पिवळाधमक, आत कोयीपाशी पांढरट आणि आंबट. आठ आंब्यांचा रस काढायचा, त्यातले तीन असे निघायचे. तीन आंबट आंबे आठांचा रस बिघडवायला पुरतात. मग साखर घाला, तरी तो आंबटपणा जिभेच्या कडेला राहतोच. पिकलेलं म्हणून घेतलेलं फळ परत पिकवता येत नाही, हे त्यातलं खरं दुखणं.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. फळं पिकवायला इथिलीन वायू सोडतात, त्या खोलीचा दोष असतोच असं नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला मात्र ठरावीक मर्यादेत, 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग), परवानगी आहे. इथिलीन हा फळात स्वतःच तयार होणारा वायू. भरलेलं, तयार फळ त्या खोलीत चांगलंच पिकतं. घोटाळा होतो तो कोवळ्या फळाचा. मार्च-एप्रिलमध्ये भाव चढा असतो, म्हणून फळ पुरतं तयार व्हायच्या आत उतरवलं जातं. वायू मिळाला की साल पिवळी होते, पण आत साखर व्हायला पुरेसा पिष्टाचा (स्टार्चचा) साठाच नसतो आणि आंबटपणाही उतरत नाही. रंग आला म्हणून फळवालाही विकतो, त्याच्याही हाती आतलं कळायला काही साधन नसतं.

कच्च्या फळात मात्र हे आधी तपासता येतं, आणि पेटीकडे माझं पारडं झुकतं ते इथे. फळ हातात घ्या आणि देठाकडे बघा. तयार फळाचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात आणि देठापाशी खळगा पडलेला असतो. खांदे उतरते असतील, देठ उंचवट्यावर असेल, तर फळ कोवळं. शंका असेल तर बादलीभर पाण्यात सोडा. जे बुडतं ते तयार, जे ठसठशीत तरंगतं ते कोवळं. तरंगणाऱ्याला अढीत घालण्यात अर्थ नाही, ते सुरकुतेल पण गोड होणार नाही. त्याचं पन्हं करा, मेथांबा करा, गुळांबा करा. पैसे वाया जात नाहीत, फक्त बरणी बदलते. पाण्यातून काढलेली फळं कापडाने पुसून, तासभर पसरून पूर्ण कोरडी झाल्यावरच अढीत जाऊ द्यात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: साका ओळखायचा उपाय दोन्हीकडे नाही. बाहेरून फळ निर्दोष, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात आणि मेच्या कडक उन्हात, जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेने, तो जास्त दिसतो. बागायतदार फळ साधारण 85 टक्के तयार झाल्यावर उतरवतात त्यामागे हेही एक कारण आहे. पेटी मागवताना ‘साका निघाला तर काय?’ हे आधीच विचारून घ्यावं. बरेच जण कापलेल्या फळाचा फोटो पाहून पुढच्या पेटीत भरून देतात. हातगाडीवर ही सोय सहसा नसते.

पेटी आली की पहिल्या अर्ध्या तासात बरंच काही ठरतं. रात्रीच्या गाडीतून आलेली पेटी आतून तापलेली असते. तशीच बंद ठेवली तर मधली फळं घामेजतात आणि देठाकडून काळी पडू लागतात. लगेच उघडा, फळं सावलीत फरशीवर पसरून दोन-तीन तास निवू द्या. तेवढ्यात तीन वाटे करा. ठेच लागलेली आणि देठ मुळापासून तुटलेली फळं वेगळी: यांना कूज लवकर लागते, ती आधी संपवायची. चिकाचे काळे ओघळ असलेली दुसरीकडे, ती दिसायला वाईट पण खायला चांगली असतात. उरलेली स्वच्छ फळं अढीसाठी.

अढीला पेटीतला भाताचा पेंढाच वापरा, तो फेकू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन बोटं जाडीचा थर, त्यावर एकमेकांना न टेकता फळं, वर पुन्हा पेंढा, मग दुसरा थर. दोनाच्या वर थर नकोत, खालची दबतात. पेंढा नसेल तर वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद चालतात. वरून गोणपाट किंवा सुती कापड सैल टाकायचं. प्लॅस्टिकने झाकलं की आतला दमटपणा बाहेर जात नाही आणि फळ पिकण्याऐवजी कुजतं.

जागा कुठली, यावर निम्मं यश आहे. गच्चीखालच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात खोली 35 अंशांच्या पुढे जाते. तेवढ्या उष्णतेत फळ मऊ पडतं पण रंग धरत नाही आणि चवही उतरते. घरातली सगळ्यात थंड खोली, पलंगाखालची जागा उत्तम. आणि कच्चं फळ फ्रीजमध्ये कधीच नाही. साधारण 12-13 अंशांखाली हापूस गारठतो, साल काळवंडते, मग बाहेर काढून ठेवला तरी नीट पिकत नाही. पूर्ण पिकल्यावर मात्र फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच दिवस खुशाल ठेवा.

पेटीवर सगळ्यात जास्त घेतला जाणारा आक्षेप म्हणजे ‘सगळे एकदम पिकतात’. खरं आहे, एकाच अढीत साठ घातले तर तेच होणार. उपाय सोपा आहे. निम्मे अढीत झाका, निम्मे हवेशीर जागी फरशीवर उघडे पसरा. उघड्यावरचे तीन-चार दिवस मागे राहतात. ठरावीक दिवशी चार-सहा हवेच असतील तर ते कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवा, केळ्यातून निघणारा इथिलीन त्यांना पुढे ढकलतो.

तिसऱ्या दिवसापासून अढी रोज चाळायची. या कामाला खरंच दहा मिनिटं लागतात, पण ती रोज लागतात, आणि ज्या घरात हे कोणी करणार नाही तिथे पेटी आणू नये. एक कुजलेलं फळ शेजारच्या चारांना घेऊन जातं. बोटाने दाबून बघू नका, अंगठ्याचा ठसा दुसऱ्या दिवशी काळा डाग होऊन दिसतो. फळ तळहातावर घेऊन मूठ हलकेच मिटून पाहायची. देठापाशी वास सुटला, खांद्याजवळ किंचित मऊपणा आला, साल जरा सैल वाटली, की ते तयार. आठ ते दहा दिवसांत बहुतेक पेटी अशी बाहेर येते. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवायची पद्धत सोडू नये, देठाचा चीक धुऊन जातो.

घर लहान असेल तर शेजाऱ्यांशी किंवा भावंडांशी पेटी वाटून घ्या. अडीच डझन म्हणजे एका खोक्यात मावणारी अढी. मग वजनही झेपतं: 250 ग्रॅमची साठ फळं म्हणजे 15 किलो, पेटीचं लाकूड वेगळं; निम्मा वाटा साडेसात किलोचा.

पायरीचा एक शब्द, कारण रसाच्या दिवशी तीच पैसे वाचवते. पायरी हापूसपेक्षा स्वस्त, पातळ रसाची, किंचित आंबूस. आठ हापूसमध्ये चार पायरी घातल्या तर रस सैल होतो, दूध घालावं लागत नाही आणि चवीला धार येते. फक्त तिचा साठा करता येत नाही, पिकली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते. म्हणून ती मात्र पिकलेली, डझनावर आणि त्याच दिवशी आणावी. रस मिक्सरमधून काढू नका, हवा मिसळून रंग फिका पडतो. हाताने पिळून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढलेला रस दाट राहतो. वाढताना तूप आणि चिमूटभर सुंठ.

पेटी कुठली, हे विचारायलाच हवं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बाजारात देवगडच्या नावाने कर्नाटकातला हापूसही येतो. तो वाईट नसतो, पण त्याची साल जाड आणि गर फिका असतो, आणि त्याला देवगडचा भाव द्यायचं कारण नाही. पिकलेल्या, रंग आलेल्या डझनात हा फरक ओळखणं अवघड जातं. थेट बागेतून आलेल्या पेटीत निदान पाठवणारा माहीत असतो.

राहिला वेळेचा प्रश्न. पाडव्याला एखादा डझन नैवेद्यापुरता आणा, तेव्हा पेटी घेणं म्हणजे नवलाईचे पैसे मोजणं. अक्षय तृतीयेला मागणी एकदम चढते, तो आठवडाही टाळलेला बरा. त्यानंतर, साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून, माल वाढतो आणि भाव उतरतात. मात्र फार थांबू नका. वळवाच्या सरी बागेवर पडल्या की फळात पाणी शिरतं, फळमाशी लागते आणि अढीत कूज वाढते. म्हणून 10 ते 20 मेच्या दरम्यान फळ उतरवून पाठवा असं बागायतदाराला एप्रिलमध्येच सांगून ठेवावं, आणि पेटी बुधवारी किंवा गुरुवारी हाती पडेल असं बघावं. मग पुढच्या शनिवार-रविवारी, दहाव्या-अकराव्या दिवशी, घरातले सगळे असताना रसाचे आंबे तयार असतात.