नाशिकची झॉम्बी एस्केप रूम: चौघांनी जावं, आणि पहिली पाच मिनिटं मागच्या कोपऱ्यांना द्यावीत

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या मधल्या पट्ट्यात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही एस्केप रूम आहे, म्हणजे कोडी सोडवत ठरलेल्या वेळात बंद खोलीतून बाहेर पडायचा खेळ. बंद पडलेल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेचा देखावा, भिंतीला साखळीने बांधलेला एक झॉम्बी (म्हणजे चालतं-फिरतं प्रेत झालेला कलाकार) आणि दार उघडणारा चार आकडी कोड. तो 60 मिनिटांत शोधून काढायचा. दर माणशी 700 रुपये, शनिवार-रविवारी 800. चौघांसाठी हा खेळ उत्तम आहे. तिघांना जड जाईल पण जमेल, दोघांवर मात्र अन्याय होतो. बुकिंग आठ जणांपर्यंत घेतात, पण तेवढ्यांनी एकत्र जाऊ नये. कोड्यांची उत्तरं इथे दिलेली नाहीत, मात्र खोली कशी चालते ते सविस्तर लिहिलंय. कोरं डोकं घेऊनच आत जायचं असेल तर सरळ खाली, दाराबद्दल लिहिलंय तिथे जा.

खेळाचा सगळा जीव साखळीत आहे. दर पाच मिनिटांनी भोंगा वाजतो आणि साखळी एक फूट सैल होते. अमेरिकेतल्या झॉम्बी खेळांतून आलेली ही पद्धत आहे. इथे ती नुसती उचललेली नाही, तिच्याभोवती खोली नीट आखलेली आहे. खोली 16 फूट लांब आणि 12 फूट रुंद. साखळीची कडी मागच्या भिंतीच्या मधोमध, दार बरोबर समोरच्या भिंतीत. सुरुवातीला साखळी 3 फुटांची असते. झॉम्बीने हात पुढे केला की त्यात दोन फूट वाढतात, म्हणजे त्याची पोच 5 फूट. मागचे दोन्ही कोपरे कडीपासून 6 फुटांवर आहेत, त्यामुळे पहिला भोंगा वाजला की ते दोन्ही कोपरे त्याच्या ताब्यात जातात. पंधराव्या मिनिटाला तो अर्ध्या खोलीपर्यंत येतो. शेवटचा, अकरावा भोंगा 55व्या मिनिटाला. तेव्हा साखळी 14 फूट झालेली असते आणि त्याचा हात दारावरच्या कोडच्या पॅडला लागतो. दाराकडचे दोन कोपरे कडीपासून 17 फुटांहून थोडे लांब पडतात, तिथे तो शेवटपर्यंत पोचत नाही. उभं राहायला जागा उरते, पण पॅडकडे जायचं तर त्याच्या हाताखालूनच जावं लागतं. आखणाऱ्याने डोकं लावलंय ते इथे दिसतं.

यावरूनच पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते ठरतं. मागे डाव्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आहे आणि उजव्या कोपऱ्यात औषधांची ट्रॉली. दोघांनी कपाट रिकामं करावं आणि एकाने ट्रॉली. जे सुटं आहे ते सगळं उचलून दाराजवळच्या टेबलावर आणायचं. कागद हाती आला की लोक तिथेच उभे राहून वाचायला लागतात, आणि वेळ जातो तो तिथेच. वाचायचं ते टेबलावर आल्यावर. लाल ठिपक्याचं स्टिकर असलेल्या वस्तू खेळातल्या नाहीत, त्यांना हात लावू नका. चौथ्याने फळा आणि मार्कर घेऊन ट्रॉलीच्या वरचा तक्ता उतरवून घ्यावा. तो भिंतीला पक्का आहे, आणि मोबाईल बाहेर लॉकरमध्ये असल्याने फोटोची सोय नाही.

तक्ता उतरवायचा राहिलाच तर सगळं संपलं असं नाही. झॉम्बी आवाजाच्या दिशेने जातो. एकाने डाव्या बाजूला स्टीलचा ट्रे वाजवत राहायचं, दुसऱ्याने उजवीकडून जाऊन वाचून यायचं. साखळी एकच असल्याने त्याला दोन्ही बाजू एकदम सांभाळता येत नाहीत. झॉम्बीचं काम करणारा कलाकार फार चांगला आहे. तो आरडाओरडा करत अंगावर धावून येत नाही. साखळी ओढत सावकाश फिरतो, मध्येच थांबतो, कान देतो. हात लावतो तो फक्त खांद्याला किंवा दंडाला. त्याने स्पर्श केला की संसर्ग झाला असं धरतात आणि पुढचा भोंगा वाजेपर्यंत खुर्चीवर बसावं लागतं. बसून बोलता येतं, हाताने काही करता येत नाही. कलाकाराला ढकलायचं किंवा त्याची साखळी ओढायची नाही, हा नियम आत जाण्याआधी सांगतात आणि तो पाळलाच पाहिजे. त्या माणसाच्या कमरेला पट्टा असतो आणि झटका त्याच्या पाठीला बसतो.

माणसांची संख्या महत्त्वाची ठरते ती याच कारणाने. एक जण कायम झॉम्बीला गुंतवायला लागतो, उरलेल्यांनी कोडी सोडवायची. दोघेच असाल तर कोड्यांवर एकच माणूस उरतो, आणि नळीचं कोडं (त्याबद्दल पुढे) एकट्याने सुटतच नाही. सहा-आठ जण असले की टेबलाभोवती गर्दी होते, एकाच्या हातातला कागद दुसऱ्याला दिसत नाही आणि दर भोंग्याला कुणीतरी संसर्ग होऊन बसलेलं असतं. चौघांत दोघे कुलपांवर, एक फळ्यावर आणि एक झॉम्बीवर, अशी वाटणी बसते. झॉम्बीवरचा माणूस दर दोन भोंग्यांनी बदला. तो टेबलापासून लांब असल्याने ताज्या नजरेने येतो आणि इतरांनी दहा वेळा पाहिलेल्या कागदावरचं भलतंच काही त्याला दिसतं.

कुलपांबद्दल थोडं विस्ताराने, कारण उत्तर सापडूनही लोक अडकतात ते कुलपाशीच. चार आकडी कुलपात 10,000 जोड्या बसतात, पण तीन आकडे हाती आले असतील तर फक्त 10 उरतात. उरलेलं चाक एकेक घर फिरवत दर वेळी कुलपाची कडी ओढून बघा, अर्ध्या मिनिटात काम होतं. दोन आकडे माहीत नसतील तर 100 जोड्या होतात, तेव्हा कुलपाशी झटण्यापेक्षा कोडं सोडवणं लवकर होतं. आकडे बरोबर असूनही कुलूप उघडत नसेल तर आधी सगळे आकडे खुणेच्या रेषेवर नीट आलेत का बघा. मग कडी किंचित आत दाबा आणि सोडून ओढा. ज्या पेटीला कुलूप लावलंय तिच्या साखळीचा ताण कडीवर असला की आतला खटका सुटत नाही.

बाणांचं कुलूप याहून फसवं आहे. त्यात आकडे नसतात, मधलं बटण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठरलेल्या क्रमाने सरकवायचं असतं. चुकून केलेली एखादी चालही कुलपात नोंदली जाते, आणि ती पुसल्याशिवाय नंतरचा बरोबर क्रम चालत नाही. कडी दोनदा घट्ट आत दाबली की कुलूप कोरं होतं. हे माहीत नसलेले लोक बरोबर क्रम घालतात, कुलूप उघडत नाही, म्हणून बरोबर उत्तरच टाकून देतात आणि पुढची दहा मिनिटं नवं उत्तर शोधत बसतात. कुलूप धरताना कडी वरच्या बाजूला ठेवा. ते उलटं धरून खेळलात तर सगळ्या दिशा फिरतात.

कोड्यांत रसायनशास्त्र दहावीपर्यंतचं आहे आणि आवर्त सारणी भिंतीवर दिलेली आहे. मूलद्रव्यांच्या नावांवरून अणुक्रमांक आणि त्यावरून कोड, हा प्रकार एका ठिकाणी आहे. कल्पना यावी म्हणून बाहेरचं एक उदाहरण: पोटॅशियम 19 आणि चांदी 47, जोडले की 1947. एरवी कुठल्याही चार आकडी कुलपावर आधी 1947 आणि 1950 घालून बघायची सवय असते. इथे ती चालत नाही, हे बरंच आहे.

सगळ्यात छान कोडं नळीचं. पारदर्शक उभी नळी, तळाशी बुचाला बांधलेली किल्ली, आणि बाजूला पाण्याची एक लिटरची बाटली. पाणी ओतलं की बूच तरंगत वर येतं. नळीला तीन वेगवेगळ्या उंचीवर भोकं आहेत, ती बोटांनी बंद धरावी लागतात. एकाने दोन्ही हातांनी भोकं धरायची आणि दुसऱ्याने ओतायचं. नळी आतून 4 सेंटीमीटर व्यासाची, 60 सेंटीमीटर उंच, म्हणजे भरायला साधारण 750 मिली पाणी लागतं. वाया घालवायला जेमतेम 250 मिली उरतं. एकदम ओतलं तर हवा अडकून पाणी तोंडाशीच उसळतं आणि सांडतं. बाटली तिरपी धरून बारीक धारेने ओता. सांडलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये साठतं आणि पुन्हा वापरता येतं, पण ते बाटलीत भरेपर्यंत एक भोंगा वाजून जातो. नळीचं टेबल खोलीच्या मध्यावर आहे, तेव्हा हे काम पंधराव्या मिनिटाच्या आत उरकलेलं बरं.

हिंट तीन मिळतात, भिंतीवरच्या इंटरकॉमवरून. उरलेल्या हिंटचं काही बक्षीस नाही, त्यामुळे साठवून ठेवण्यात अर्थ नाही. एका भोंग्यापासून दुसऱ्या भोंग्यापर्यंत एकाच कोड्यावर अडकलात की मागायची. अडचण एवढीच की इंटरकॉम खर्‌र करतो आणि पार्श्वसंगीत मोठं आहे. संगीत कमी करायला आधीच सांगून ठेवा, करतात.

आता जे खटकलं ते. 45व्या मिनिटाला पांढरे दिवे जाऊन लाल दिवे लागतात. वातावरण जमतं, पण शेवटच्या नकाशावरचा रस्ता लाल शाईने काढलेला आहे, आणि लाल उजेडात पांढऱ्या कागदावरची लाल रेघ दिसेनाशी होते. कुणी मुद्दाम ठेवलेलं कोडं असावं असं वाटत नाही, कारण त्याचा इशारा कुठेच नाही. नकाशा 45व्या मिनिटाआधी फळ्यावर उतरवून घ्या, नाहीतर कपाटातला साधा टॉर्च वापरा. दुसरं म्हणजे यूव्ही टॉर्च, अतिनील उजेडात छुपी अक्षरं दाखवणारा. तो स्वस्तातला, 395 नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. त्याचा जांभळा उजेड स्वतःच इतका पडतो की फिकट अक्षरं त्यात बुडून जातात. 365 चा टॉर्च ठेवला तर हे कोडं दुप्पट चांगलं होईल. तोवर कागदापासून वीतभर अंतरावर, तिरपा धरून बघा. तिसरं, एका लॅमिनेट केलेल्या तक्त्यावर नेमकी उत्तराची जागा बोटांनी घासून पांढरी पडली आहे. तो बदलायला शंभर रुपयेही लागणार नाहीत. आणि नाशिकमध्ये चालणाऱ्या खेळातले सगळे कागद इंग्रजीत का असावेत? माहिती सांगणारा मुलगा उत्तम मराठीत समजावतो, मग आतली दोन-तीन पत्रंही मराठीत हवीत. सोबत आई-वडील किंवा काका-मावशी असतील तर त्यांना ही अडचण जाणवते.

दाराची गोष्ट मात्र आवडीनिवडीची नाही. पोलंडमधल्या कोशालिन शहरात जानेवारी 2019 मध्ये एस्केप रूमला लागलेल्या आगीत 15 वर्षांच्या पाच मुली गेल्या, त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. राजकोटच्या गेम झोनची मे 2024 मधली आग तर आपल्या शेजारच्या राज्यातली. त्यामुळे कुठल्याही एस्केप रूममध्ये पैसे भरण्याआधी दार बघा. इथलं दार विद्युतचुंबकाच्या कुलपाने बंद होतं. अशी कुलपं साधारण 270 किलोचा ओढा सहन करतात, म्हणजे माणसाने ओढून ते उघडत नाही. वीज तुटली की ते आपोआप सुटलं पाहिजे, आणि दाराशेजारच्या बटणाने चुंबकाची वीज थेट तुटली पाहिजे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर चुंबकाला वीज देत राहतो, म्हणून बटण महत्त्वाचं. खेळ सुरू होण्याआधी ते दाबून दाखवा म्हणायचं. इथे न कुरकुरता दाखवतात, दार लगेच सुटतं, आणि खेळ चालू असताना बाहेर एक माणूस कॅमेऱ्यावर बसलेला असतो. बाहेरचा जिना अरुंद आहे आणि त्यावर चपलांचं कपाट ठेवलंय. ते तिथून हलवायलाच हवं.

आत धुराचं यंत्र आणि मधूनमधून चमकणारे दिवे आहेत. दमा असेल तर धूर बंद ठेवायला सांगा. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी दिव्यांबद्दल आधी विचारावं. चमकते दिवे बंद ठेवून खेळ चालतो, कुठलंही कोडं त्यावर अवलंबून नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि तेच योग्य आहे. पांढरा शर्ट घालू नका. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या उजळपणाच्या द्रव्यामुळे तो यूव्हीखाली चमकतो आणि अंधारात झॉम्बीला तुम्ही आधी दिसता. बूट घट्ट असावेत, कारण नळीजवळची फरशी ओली होते.

शनिवार-रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडला चारचाकी लावायला जागा मिळत नाही, दुचाकी बरी. नाशिक रोडहून येणाऱ्यांनी द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीचा वेळ धरून निघावं. उशीर झाला तर पुढच्या गटामुळे तुमच्या 60 मिनिटांतूनच वेळ कापतात. माहिती, लॉकर आणि शेवटचे फोटो धरून एकूण दीड तास लागतो. मधल्या वारी दुपारी दोन ते पाचच्या वेळात गर्दी नसते, आणि तेव्हा चौघांच्या गटात अनोळखी माणसं घालत नाहीत. बुकिंग करताना तेवढं विचारून पक्कं करून घ्या.