लाल कापडी रोजमेळ वही: आखाजीपासून आतापर्यंत वापरून जे वाटलं ते

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा) वर्षाचा हिशोब होतो, किती उचल घेतली, किती खाडे झाले, सगळं चोख. या आखाजीला तो हिशोब करतानाच मनात आलं की आपलं स्वतःचं वर्ष कुठं गेलं ते आपण कधीच मांडत नाही. दुसऱ्याच दिवशी सावद्याच्या बाजारातून ही वही आणली. व्यापारी रोजमेळीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाला, वापरतात तीच, लाल कापडी पुठ्ठा, शिवलेली बांधणी, २०० पानं, १६० रुपये.

आधी मोबाईलमधे अ‍ॅप टाकून बघितलं होतं पण केळीच्या चिकाचे हात घेऊन कोण टाईप करतं, आणि मोबाईल उघडला की भाव बघायचा, मग व्हॉट्सअ‍ॅप, लिहायचं राहूनच जायचं. वहीचं तसं नाही. रात्रपाळीची लाईट असली की मोटार चालू करून मळ्यातच बॅटरीच्या उजेडात लिहितो, मांडीवर सपाट उघडते, मिटत नाही.

माझी पद्धत अशी की उजव्या पानावर रोजचं, कुठं गेलो, काय केलं, काय राहिलं, चारपाच ओळी बस. डावं पान कोरं ठेवायचं आणि रविवारी सकाळी मागचे सात दिवस वाचून तिथं हिरव्या पेनानं लिहायचं. खरा फायदा या वाचण्यात आहे, नुसतं लिहून काही होत नाही हे मी पहिले तीन आठवडे अनुभवलं.

जुलैमधे मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, तीन वेगवेगळ्या दिवशी मी लिहिलेलं होतं की शेजारच्या काकडीकडच्या कोपऱ्यात पानं पिवळसर, रेषा दिसतात. तिन्ही वेळा लिहून विसरलो. रविवारी एकत्र वाचलं तेव्हा लगेच कळलं की हा हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूचा रोग, मावा ही कीड तो पसरवते आणि झाडाला लागला की त्यावर औषध नाही. त्याच दिवशी १७ रोपं उपटून गाडली, मावा मारायला फवारणी केली, शेजाऱ्यालाही जाऊन सांगितलं. अजून आठवडा गेला असता तर किती रोपं गेली असती कोण जाणे.

दुसरं म्हणजे फेऱ्या. ठिबकची नळी, वॉशर, खत, अशा बारीकसारीक कामासाठी आठवड्यात नऊ वेळा गाडी काढून गावात गेलो होतो. आता यादी करून मंगळवार आणि शनिवार दोनच फेऱ्या. आणि एक गोष्ट लिहितोच, पूर्ण जून महिन्याच्या पानांत पोरीचं नाव एकदाही नव्हतं, एकाच घरात राहून. ते वाचून मला खूप लागलं. आता संध्याकाळी सातला मळ्यातून उठतोच, ती अभ्यासाला बसते तिथं मी पण बसतो.

तारीख छापलेली नाही हे या वहीचं मला सगळ्यात आवडलेलं, लग्नात, आजारपणात चाळीसेक दिवस सुटले पण कोरी पानं टोचत नाहीत, पुढच्या पानावर पुन्हा सुरू. कमी म्हणाल तर कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उतरते, साधा बॉलपेनच वापरा. पावसाळ्यात पुठ्ठ्याचा लाल रंग हाताला आणि सदऱ्याला लागला, तेव्हापासून खताच्या गोणीतल्या प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवतो. आत डोरी नाही, खुणेला केळीचं वाळलेलं सोपट (खोडाची साल) लावतो.

आता सहासात पानं उरलीत, शनिवारच्या यादीत दुसरी वही लिहून ठेवली आहे.