आयकर परताव्याचे परीक्षण : पोटठेकेदाराचे घड्याळ केव्हा सुरू होते?

प्लास्टर, टाइल्स, सेंट्रिंग किंवा बारबेंडिंगचे लेबर काम घेणाऱ्या पोटठेकेदाराच्या प्रत्येक आरए बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने होणाऱ्या बिलातून) मुख्य ठेकेदार एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून घेतो आणि ही रक्कम, कर लागत नसेल तर, पुढच्या वर्षी आयकर परतावा म्हणून परत मिळते. या परत मिळण्याला नेमका किती काळ लागतो, हा प्रश्न साइटवर दर जून-जुलैत विचारला जातो. मी स्वतः प्लास्टर आणि टाइल्सची कामे मजुरीवर घेतो, माझे विवरणपत्र मीच भरतो आणि ओळखीतल्या काही ठेकेदारांचीही भरून देतो. त्या अनुभवाच्या आधारे या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्र पोहोचल्यानंतरचे काम खरोखरच जलद होते, परंतु पोटठेकेदाराचा खोळंबा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो आणि कोणत्याही सरकारी आकडेवारीत तो मोजला जात नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी सरकारी आकडा पाहू. विवरणपत्रांच्या प्रक्रियेला २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत होते आणि हा काळ दहा दिवसांवर आला, असे फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगण्यात आले. साधे विवरणपत्र असेल, आधार ओटीपीने त्याच दिवशी ई-पडताळणी केली असेल आणि बँक खाते आयकर पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेले असेल, तर हा आकडा अतिशयोक्त वाटत नाही. मात्र सरासरी म्हणजे हमी नव्हे. खुद्द पोर्टलच परतावा खात्यात जमा होण्यास साधारण चार ते पाच आठवडे धरायला सांगते, आणि कायद्याने तर ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत आयकर खात्याला दिलेली आहे. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या विवरणपत्राची प्रक्रिया ३१ डिसेंबर २०२६ला पूर्ण झाली, तरी कायद्याच्या दृष्टीने उशीर झालेला नसतो.

आता हेच घड्याळ साइटवरून पाहावे. समजा, एखाद्या ठेकेदाराने २०२४-२५ या वर्षात ४० लाख रुपयांची बिले केली आणि सगळे पैसे बँकेतून घेतले. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कलम ४४एडीनुसार बँकेतून आलेल्या जमेवर किमान सहा टक्के नफा दाखवता येतो, म्हणजे उत्पन्न २ लाख ४० हजार झाले. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नव्हता. दुसरे काही उत्पन्न नसेल तर कर शून्य आणि कापलेले ४० हजार रुपये पूर्णच्या पूर्ण परत मिळण्याजोगे. परंतु मे २०२४च्या पहिल्या बिलातून कापलेला पैसा मागण्यासाठी आर्थिक वर्ष संपावे लागते, मग त्या वर्षाचे फॉर्म आणि ते भरायची सॉफ्टवेअर, म्हणजे युटिलिटी, यावी लागतात (२०२५ मध्ये असे उत्पन्न दाखवणाऱ्यांच्या आयटीआर-४ या फॉर्मची युटिलिटी मे महिन्याच्या अखेरीस आली आणि विवरणपत्राची मुदतही ३१ जुलैवरून आधी १५ आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत गेली), त्यानंतर मुख्य ठेकेदाराचे शेवटच्या तिमाहीचे २६क्यू विवरण (कोणाचा किती टीडीएस कापला याची त्याने खात्याला द्यायची यादी) ३१ मेपर्यंत दाखल व्हावे लागते आणि त्याच्या नोंदी २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनखाली जमा कराच्या उताऱ्यात, उमटाव्या लागतात. सगळे वेळेवर झाले तरी जूनचा मध्य येतोच. खात्याचे ते दहा दिवस सुरू होण्याआधीच पहिल्या बिलाच्या पैशाला वर्ष उलटून गेलेले असते.

या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा २६क्यू हाच आहे, कारण तो खात्याच्याही हातात नाही आणि आपल्याही नाही. मुख्य ठेकेदाराने टीडीएस कापणे, तो भरणे आणि विवरणात आपल्या पॅनखाली दाखवणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि बिलावर दिसते ती फक्त पहिली पायरी. माझ्या एका कामात बिलांवर कपात रीतसर दिसत होती, पण २६एएस उघडल्यावर त्या मुख्य ठेकेदाराच्या टॅनखाली (कर कापणाऱ्याच्या क्रमांकाखाली) पहिल्या तीन तिमाह्यांच्याच ओळी होत्या; चौथ्या तिमाहीची, म्हणजे मार्चपूर्वी घाईने मोजमाप काढून केलेल्या सर्वांत मोठ्या बिलाची, ओळच नव्हती. त्यांच्या कार्यालयातील हिशेबनीस दर वेळी, “साहेब, सीएकडे दिलंय, होऊन जाईल,” एवढेच सांगत असत. विवरण उशिरा भरणाऱ्याला दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क आहे, परंतु ते सरकारजमा होते. पैसे अडकलेल्या पोटठेकेदाराला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. कापलेला कर पुन्हा आपल्याकडून वसूल करता येत नाही असे कायदा म्हणतो, पण नोंदच दिसत नसेल तर त्या रकमेचा परतावा मात्र प्रक्रियेत मंजूर होत नाही.

म्हणून २६एएस वाचता येणे ही या धंद्यात लेव्हल ट्यूब (पातळी पाहण्याची पाण्याची नळी) धरता येण्याइतकीच गरजेची गोष्ट मानावी. प्रत्येक ओळीत कलम, व्यवहाराची तारीख, दिलेली रक्कम आणि कापलेला कर यांबरोबर नोंदीच्या स्थितीचा एक छोटा रकाना असतो. त्यात ‘एफ’ असेल तर पैसे सरकारजमा झाले आणि चलनाशी जुळले. ‘यू’ असेल तर कापणाऱ्याने पैसे भरलेले नाहीत किंवा चलनाचा तपशील चुकवला आहे. बहुतेक जण शेवटची बेरीज पाहून विवरणपत्र भरतात, हा रकाना पाहत नाहीत. तो दर तिमाहीनंतर, म्हणजे ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत पाहिला, तर मुख्य ठेकेदाराकडे आपले बिल बाकी असतानाच तक्रार करता येते. काम संपून हिशेब मिटल्यावर आपल्या फोनला फारशी किंमत उरत नाही.

रिटेन्शनचा, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या रकमेचा, गुंता याहून बारीक आहे. टीडीएस हा रक्कम हिशेबात ठेकेदाराच्या नावे जमा दाखवताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. त्यामुळे राखून ठेवलेल्या पाच टक्क्यांवरही पहिल्याच वर्षी कपात होते, पण तो पैसा दोषदायित्वाचा काळ (कामातील दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हातात पडतो. ठेकेदार आपली जमा बँकेच्या पासबुकावरून लिहितो, २६एएस मात्र पूर्ण बिलाची रक्कम दाखवते, आणि या दोहोंत फरक दिसला की संगणक शंका काढतो. जमा बिलाप्रमाणे लिहावी आणि २६एएसशी ताळा घालूनच विवरणपत्र भरावे, असा माझा सल्ला आहे.

पोर्टलच्या बाजूने होणारे अडथळे तुलनेने साधे आहेत, तरी माणसे तिथेही अडकतात. भरलेले विवरणपत्र तीस दिवसांत ई-पडताळणी न केल्यास वेळेवर भरल्याचा फायदा जातो. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय ठरते आणि परतावा निघत नाही. बँक खाते प्रमाणित करताना नावाची गाठ पडते: पॅनवर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम, बँकेत वडिलांचे नाव गायब, आणि आधारावर तिसरेच शुद्धलेखन, असे गवंडीकाम करत ठेकेदार झालेल्या बहुतेकांचे असते. नावात फार तफावत असेल तर खाते प्रमाणित होत नाही आणि परतावा फेल झाल्याचा संदेश येतो. मग बँकेत नाव दुरुस्त करून पोर्टलवर परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागते. ती सोय मात्र चांगली आहे, ऑनलाइन आहे आणि कोणाला भेटावे लागत नाही. जुन्या वर्षाची एखादी किरकोळ करमागणी बाकी असेल तर परतावा तिच्यात वळता होऊ शकतो. २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पाने २००९-१०पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५मधल्या १० हजारांपर्यंतच्या वादग्रस्त मागण्या मागे घेतल्याने हा त्रास बराच कमी झाला.

उशिराबद्दल व्याज मिळते, पण ते वाचून कोणी हुरळून जाऊ नये. मुदतीत विवरणपत्र भरले तर करनिर्धारण वर्षाच्या (कमाईच्या पुढच्या वर्षाच्या) १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते. वरच्या उदाहरणात ४० हजारांवर महिन्याला २०० रुपये झाले. मुदत चुकवली तर व्याज विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासूनच मोजतात. मे २०२४ ते मार्च २०२५ या काळात तोच पैसा सरकारकडे होता, त्याचे व्याज शून्य. त्याच काळात शनिवारच्या आठवडी पगारासाठी आणि गावी जाणाऱ्या माणसांच्या उचलीसाठी ठेकेदार महिन्याला शेकडा दोन-तीनने खासगी पैसे उचलतो, हे ज्याने साइट चालवली आहे त्याला सांगायला नको. मिळालेले व्याजही पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते.

यावर कायद्यात एक तोडगा आहे आणि तो या वर्गात फारसा कोणी वापरत नाही. कर कापू नये म्हणून बँकेतल्या ठेवीसाठी चालणारा १५जी फॉर्म ठेक्याच्या बिलांना चालत नाही, परंतु फॉर्म १३ भरून कमी किंवा शून्य दराने कपातीचे प्रमाणपत्र मागता येते. अर्ज ऑनलाइन आहे, मागील वर्षांची विवरणपत्रे आणि चालू वर्षाचा अंदाज द्यावा लागतो. या लेखातले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्याचे आहेत; १ एप्रिल २०२६पासूनच्या आयकर अधिनियम, २०२५मध्ये ते वेगळे आहेत, ही सोय मात्र कायम आहे. ज्याचा कर दरवर्षी शून्यच येतो आणि ज्याचे काम एक-दोन मोठ्या मुख्य ठेकेदारांकडेच चालते, त्याने एप्रिलमध्येच हा अर्ज करावा, कारण प्रमाणपत्र मागील तारखेपासून मिळत नाही. मात्र ते त्यात नोंदलेल्या टॅनपुरतेच आणि त्याच आर्थिक वर्षापुरते चालते. दिवाळीनंतर नवी साइट धरली की तिथल्या बिलातून एक टक्का पुन्हा कापला जाणार, किंवा नवा अर्ज करावा लागणार.