मेंढ्यांचे कोट: गोणीच्या प्लास्टिकचे घ्यायचे की नायलॉनचे?

लोकर स्वच्छ राहावी म्हणून मेंढीच्या अंगावर कोट घालायचा हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. म्हणजे दहावीस मेंढ्या आहेत, लोकर बारीक आहे आणि ती हाताने कातणाऱ्यांना आख्खी फ्लीस म्हणून, म्हणजे एका मेंढीची कातरलेली सगळी लोकर एकत्र, विकायचीय. गठ्ठ्यांनी लिलावात जाणाऱ्या लोकरीला हा खटाटोप बहुतेक परवडत नाही, आणि गावाकडच्या दख्खनी मेंढीला तर त्याची गरजच नाही, तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीची, तिचं काम वेगळं. मी इकडे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅटच्या बाजूला असतो, सोळा मेंढ्या आहेत, निम्म्या मेरिनो निम्म्या रंगीत कॉरिडेल जातीच्या, आणि दोन्ही प्रकारचे कोट कातरणी ते कातरणी पूर्ण वर्षभर वापरून झालेत.

पहिला कोट विणलेल्या प्लास्टिकचा, खताची गोणी असते ना तसलं कापड. हलका, स्वस्त, सगळ्या कळपाला एकदम घेता येतो. दुसरा नायलॉनचा, मला दुपटीहून जास्त पडला. कुसळं, गवताचं बी, धूळ हे दोन्हींनी सारखंच अडतं असं मला तरी दिसलं. रंगीत मेंढीच्या लोकरीची टोकं उन्हाने पिवळट तांबूस पडतात तेही दोन्हींत थांबलं, माझ्या काळ्या कॉरिडेलची फ्लीस पहिल्यांदाच टोकापर्यंत काळी निघाली तेव्हा फार आनंद झाला होता. मानेवर चाऱ्याचा भुसा पडायचा तो पडतोच, मान कुठल्याच कोटात येत नाही. लोकर वाढते तसा वर्षातून दोनतीनदा मोठा साइज चढवावा लागतो, नाहीतर खांद्यावर लोकर गुंतून नमद्यासारखी घट्ट होते, आणि पाय गळ्याच्या भोकात अडकलाय का ते रोज एकदा बघून यायचं, त्यातून सुटका नाही.

आता ज्याच्यामुळे माझं ठरलं ते. प्लास्टिकच्या कोटाला सात आठ महिने ऊन लागलं की त्याच्या कडा सुटायला लागतात, कुंपणाच्या तारेला एकदा घासला की बारीक पांढऱ्या पट्ट्या निघतात आणि त्यांचे पुढे केसासारखे धागे होतात. ते लोकरीत शिरले की पांढऱ्यात पांढरं, डोळ्याला दिसतच नाहीत. आम्हालाही दिसले नाहीत. बायकोने एक फ्लीस धुतली, मोरपंखी रंगवली, कातायला घेतली आणि प्रत्येक हातभर सुतात एक पांढरा धागा, तिने संध्याकाळभर चिमट्याने वेचले आणि शेवटी ती आख्खी फ्लीस बाजूला ठेवली. गवताचा कचरा गिरणीत गंधकाच्या आम्लाने जाळून काढता येतो पण प्लास्टिक त्यात जळत नाही, धुण्याने निघत नाही, लोकरीचा रंगही घेत नाही. लोकर स्वच्छ राहावी म्हणून घातलेल्या कोटानेच ती खराब केली हे मला फार लागलं, त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने पण फ्लीस परत केली, तिचं बरोबरच होतं.

नायलॉनचा धागा सुटतच नाही असं नाही. पण माझ्याकडे तरी फार कमी सुटला, आणि मुख्य म्हणजे लोकर ज्या अ‍ॅसिड डायने रंगवतो तो रंग नायलॉनलाही चढतो, त्यामुळे चुकून एखादा राहिला तरी असा पांढरा टोचत नाही. इकडे लोकर भरायचे मोठे पोतेसुद्धा नायलॉनचेच असतात, ते याच भानगडीमुळे.

नायलॉनची तक्रार सांगायची तर माझे कोट जाड विणीचे आहेत आणि आठवडाभर पाऊस लागला की आतली लोकर दमट राहते, माशी बसून अळ्या पडतील ही धास्ती असते, म्हणून मी पावसाळी दिवसांत हात घालून बघतो. प्लास्टिकमध्ये ही काळजी कमी वाटली. तुमच्याकडे पाऊस जास्त असेल, रान मोकळं असेल, तारेचं कुंपण नसेल आणि कोट दर वर्षी नवे घ्यायची तयारी असेल तर प्लास्टिकवालेही चालून जातील कदाचित, माझ्या ओळखीत एकांचं तसं नीट चाललंय. पैसे अडत असतील तर मी म्हणेन सगळ्या कळपाला प्लास्टिक घेण्यापेक्षा चांगल्या लोकरीच्या चार मेंढ्यांना नायलॉन घ्या, बाकीच्या यंदा उघड्या राहू देत.

आणि कुठलाही घेतला तरी कातरणीच्या दिवशी कोट शेडच्या बाहेरच उतरवा, आत फळ्यांवर एक चिंधी पडली तरी ती कुणाच्या ना कुणाच्या फ्लीसमध्ये जातेच.