आईचं नाव यादीत आधीपासूनच होतं

गेल्या वर्षी, २०२५ च्या गणपतीला गावी गेलो तेव्हा आईने देव्हाऱ्यातल्या पाटाखालून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. पंचायत समितीची नोटीस होती. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचा पहिला हप्ता १५,००० रुपये आपल्या खात्यावर जमा होऊनही काम सुरू केलेलं नाही, तातडीने सुरू करावं, अन्यथा रक्कम वसूल करण्यात येईल, असा मजकूर. आईला अक्षरं जुळवून वाचता येतं, पण सरकारी भाषा तिला कळत नाही. तिने फक्त आकडा वाचला होता आणि त्याच आकड्याने ती घाबरली होती.

"पंधरा कुठले रे? मला तर पाचच मिळाले. बाकीचे आले की जोतं घालू म्हणून थांबलेय."

त्या रात्री आरती झाल्यावर आम्ही पडवीत बसलो आणि मी तिला पहिल्यापासून सगळं विचारत गेलो. जे बाहेर आलं ते इथे लिहितोय, कारण आमच्या पट्ट्यातल्या निदान चार वाड्यांमध्ये आईला फसवणारा हाच माणूस फिरलाय आणि त्याच्यासारखे दुसऱ्या तालुक्यांतही फिरत असणार. नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला. घर मातीच्या भिंतींचं, कौलारू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अर्धी कौलं उडाली आणि मागचा फणस पडवीवर पडला. तेव्हापासून मागच्या खोलीवर पत्रे आणि ताडपत्री. वडील त्याआधीच गेले. आई संजय गांधी निराधार योजनेच्या १,५०० रुपयांवर आणि हंगामात काजू फॅक्टरीत मिळतील तेवढ्या दिवसांच्या मजुरीवर घर चालवते. मी विरारला राहतो, महिन्याला जमेल ते पाठवतो.

तो माणूस शेजारच्या गावचा. बाजारपेठेत त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे आणि बँकेचं अंगठ्याचं मशीन (आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढायचं) घेऊन तो वाडीवाडीत फिरतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा आमच्या वाडीतल्या बायकांचे अर्ज यानेच भरले, एका अर्जाला दोनशे रुपये घेऊन. अर्ज फुकट होता, अंगणवाडी सेविकाही भरून देत होत्या. पण ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आसपास दोन महिन्यांचे ३,००० खात्यात पडले आणि बायकांनी मनोमन जोडून टाकलं की याने भरला म्हणून आले. त्याच्यावरचा विश्वास असा तयार झाला. पुढचं सगळं याच विश्वासावर उभं राहिलं.

जानेवारी २०२५ मध्ये तो आईकडे आला. मोबाईल काढून तिला यादी दाखवली. त्यात तिचं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव. "मावशी, तुमचं नाव आलंय. पण वरती फाईल कोणी ढकलली नाही तर दुसऱ्याचं लागेल आणि तुमचं राहील." आईने स्वतःच्या डोळ्यांनी आपलं नाव पाहिलं. आता ती संशय घेणार तरी कशाचा?

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. त्याने दाखवलेलं नाव खरं होतं. आईचं नाव २०१८ च्या आवास प्लस सर्वेक्षणातून तयार झालेल्या 'ड' यादीत होतं. ग्रामपंचायतीत ज्याला प्रपत्र ड म्हणतात ती ही यादी. म्हणजे हा माणूस दारात येण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा नंबर तिथे लागलेला होता. यादी सरकारी वेबसाइटवर आहे, कोणीही उघडून पाहू शकतो. त्याने ती पाहिली, कोणाकोणाचा नंबर जवळ आलाय ते हेरलं आणि ज्या घरी तरुण माणूस नाही, माणसं मुंबईला आहेत, तिथे आधी गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात लाखो लोकांना एकदमच घरकुल मंजुरीची पत्रं मिळाली, त्यात आईचंही होतं. ते येणारच होतं. येणाऱ्या पावसाचे पैसे त्याने आमच्याकडून घेतले.

पहिले ३,००० 'फाईल'चे म्हणून आईने रोख दिले. काजूच्या मजुरीतले बाजूला ठेवलेले होते. पावती नाही. मग तो म्हणाला, सातबारा सामायिक आहे, तुमचं काम अडकणार. कोकणातल्या माणसाला एवढं एक वाक्य पुरतं. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत; अर्धी माणसं मुंबईत, काही वारली, काहींची पुढची पिढी आम्ही ओळखतही नाही. सगळ्यांची संमतीपत्रं कुठून आणायची? तो म्हणाला, मी ते बघतो, त्याचे आणि जिओ टॅगिंगचे मिळून ५,०००. आईने मला फोन केला. मी कामावर होतो, घाईत होतो. "देऊन टाक, एकदाचं काम होऊ दे" असं मीच म्हणालो आणि त्याने दिलेल्या नंबरवर पाच हजार मीच पाठवले. तो नंबर त्याच्या बायकोचा होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायलाच हवं, कारण पैसे देणारे बरेचदा आपणच असतो, मुंबईत बसलेले. गावी चौकशीला जायला वेळ नसतो, मग पैसे पाठवून आपण मोकळे होतो.

नंतर ग्रामसेवकांना भेटलो (आता त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोणी तसं म्हणत नाही). त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. घराची असेसमेंट, म्हणजे घरपट्टीची नोंद, वडिलांच्या मागे आईच्या नावावर झालेली होती आणि आमच्या बाबतीत त्या उताऱ्यावरच प्रस्ताव गेला होता. संमतीपत्र एकही लागलं नव्हतं. जिओ टॅगिंग म्हणजे पंचायत समितीचे गृहनिर्माण अभियंता येऊन जागेचा आणि जुन्या घराचा मोबाईलवर फोटो काढतात ते. त्याला एक रुपयाही लागत नाही. आईला ते आठवत होतं. "एक मुलगा आला होता, फोटो काढला, पाणी प्यायला आणि गेला." तिला वाटलं होतं तो याच माणसाने पाठवला.

आता हप्त्याचं. मैदानी भागात या योजनेत घरासाठी १,२०,००० रुपये मिळतात, ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. आमच्याकडे पहिला हप्ता १५,००० चा, जोतं झाल्यावर पुढचा. याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. यातलं काहीच आईला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिला जे सांगितलं ते त्या माणसाने: "आधी पाच येतात मावशी, मग बाकीचे."

मार्चमध्ये तो मशीन घेऊन आला. हप्ता जमा झालाय, अंगठा द्या. आईने अंगठा ठेवला. तो म्हणाला, लागत नाही. पुसून परत ठेवा. परत ठेवला. मग पाच हजार मोजून दिले.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे डोळ्यांपुढे आलं तर कळेल. माझ्या आईने एकोणीस हंगाम काजू फोडलेत. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी भाजते, काळी पडते, सोलून निघते. राख लावतात, खोबरेल लावतात, तरी व्हायचं ते होतंच. तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक हात लावून बघितलं तर गुळगुळीत लागतं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं. रेशन दुकानातही तिचा अंगठा तीन-तीनदा ठेवावा लागतो. त्यामुळे "लागत नाही, परत ठेवा" हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की त्यात काही खोट असेल हे तिच्या मनातही आलं नाही. आमच्या वाडीतल्या निम्म्या बायकांचे अंगठे असेच आहेत. त्या माणसाला ते नेमकं माहीत होतं.

पहिला अंगठा लागला होता. त्यावर १०,००० निघाले. या मशीनवर एका वेळी जास्तीत जास्त तेवढेच निघतात. दुसऱ्या अंगठ्यावर ५,००० निघाले आणि तेवढे त्याने आईच्या हातात ठेवले. पावती मागितली तर कागद संपलाय म्हणाला. बँकेचा मेसेज आला नाही, कारण 'केवायसी करून देतो' म्हणत खात्याला मोबाईल नंबर त्याने स्वतःचा लावून घेतला होता.

हे आम्हाला कळलं ते विसर्जनानंतर बँकेत जाऊन पासबुक भरून घेतल्यावर. एकाच तारखेला एकाखाली एक दोन नोंदी, १०,००० आणि ५,०००. शिल्लक जवळपास शून्य. आणि त्याच्या वर-खाली अकरा महिन्यांच्या निराधारच्या नोंदी, प्रत्येक वेळी १,५०० काढलेले. आईला दर महिन्याला १,४०० मिळत होते. "मशीनचे शंभर कापतात ना?" असं तिने त्या बँकेतल्या बाईंना विचारलं. त्या बाई म्हणाल्या, मावशी, कोणी कापत नाही, त्याला कमिशन बँक देते. आई काहीच बोलली नाही. बाकावर जाऊन बसली आणि पासबुक पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. बँकेला लेखी तक्रार दिली, दोन्ही नोंदींच्या तारखा लिहून, आणि पोच घेतली. खात्याला लावलेला त्याचा नंबर काढून माझा लावला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: इतके दिवस काय करत होतात? प्रश्न बोचतो, पण खोटा नाही. खात्यातून असे पैसे गेल्याचं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची बाजू फार भक्कम असते; आम्ही सहा महिन्यांनी गेलो होतो. म्हणून सांगतो, गावी आईवडील असतील तर महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यायला लावा, आणि बँकेच्या मेसेजचा नंबर कोणाचा आहे ते आजच बघा.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करण्याचा सल्लाही मिळाला. पण मग दर वेळी रेशनला तिचा अंगठा चालवायला आधी ते उघडून द्यावं लागणार, आणि ते मोबाईलवर तिला जमणारं नाही. म्हणून बँकेलाच अर्ज दिला की या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढणं बंद करा. ते झालं. आता तिला पैशांसाठी दापोलीला जावं लागतं, एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस जातो. ती म्हणते, जाऊ दे.

गटविकास अधिकाऱ्यांना तक्रारीच्या प्रती जोडून मुदतीचा अर्ज दिला, ती मिळाली. तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं की अशा नोटिसा गेलेल्यांत पैसे खाऊन बसलेले कमी आणि पैसे हातातच न आलेले बरेच निघतात. नोटीस आली की लोक लाजेने गप्प बसतात, ऑफिसात येतच नाहीत. कृपा करून जा. नोटीस म्हणजे जप्ती नव्हे.

पोलिसांनी त्या माणसाला बोलावल्यावर चार दिवसांत मधला माणूस घरी आला. दहा हजार आणि मी पाठवलेले पाच हजार परत देतो, फक्त 'गैरसमजातून तक्रार झाली' अशा कागदावर अंगठा द्या. मी विरारला होतो. आई घरी एकटी. तिने पैसे मोजून घेतले, सुपात ठेवले आणि म्हणाली, "अंगठा नाही देणार. माझे पैसे मी घेतले." तो माणूस तासभर बसून निघून गेला. ३,००० रोख आणि महिन्यांमागून महिने गेलेले शंभर-शंभर काही आले नाहीत. त्यांचा पुरावा नाही. शेजारच्या दोघींनी मात्र हे कळल्यावर आपापली पासबुकं भरून घेतली, आणि एकीच्या पासबुकात असाच दहा हजारांचा आकडा निघाला. तिचा अर्जही आता ठाण्यात आहे.

पाऊस गेल्यावर त्या पंधरा हजारांत बचत गटाचं थोडं कर्ज घालून चिरे आणले आणि जोतं घातलं. योजनेत घर किमान २६९ चौरस फुटांचं लागतं, आईने दोरी लावून दोनदा मोजायला लावलं. अभियंता फोटो काढायला आला तेव्हा तिने त्याला सरळ विचारलं, याचे किती द्यायचे? तो म्हणाला, काही नाही आजी, तुम्ही फक्त जोत्यावर उभ्या राहा.

डिसेंबरात दुसरा हप्ता आला. आई पहिल्या एसटीने दापोलीला गेली, कॅशियरच्या समोर स्लिपवर शाईचा अंगठा दिला, लागतील तेवढेच काढले आणि पासबुक भरून घेतलं. बाहेर येऊन मला फोन केला आणि शिल्लक एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवली. मी लिहून घेतली. मग म्हणाली, चिरेवाल्याला फोन कर, उद्या गाडी पाठव म्हणावं.