लातूरकडून आणलेलं कारवानी पिल्लू : दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

पिल्लू घरी आलं की दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू टाकायचा मोह होतो, पण मी मुद्दाम थांबले. कारवानी म्हणजे आपलं देशी शिकारी कुत्रं, ते काय चीज आहे हे ते सात-आठ महिन्यांचं झाल्याशिवाय कळतच नाही. आता आमची हरणी दीड वर्षाची झालीय, तेव्हा ब्रीडरबद्दल पण लिहिते आणि जातीबद्दल पण, कारण दोन्ही वेगळं काढून सांगताच येत नाही.

आधी आम्ही शहरातल्या एका पेट शॉपमध्ये गेलो होतो. तिथे बीगलचं ३५ दिवसांचं पिल्लू 'आजच घेऊन जा' म्हणून हातात दिलं, घरी किती माणसं, जागा किती, दिवसभर कोण असतं, एक प्रश्न नाही. आईबापाचे फोटो मागितले तर 'पाठवतो व्हॉट्सअॅपवर', ते कधी आलेच नाहीत. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असं स्पष्ट आहे आणि ते काही उगीच नाही हो, आई आणि भावंडांत राहूनच पिल्लू चावा किती घ्यायचा, माघार कधी घ्यायची हे शिकतं. तिथून आम्ही बाहेर पडलो ते पडलोच.

मग नात्यातल्या एकांनी लातूरजवळच्या या ब्रीडर काकांचा नंबर दिला. चार एकर शेती, दोन माद्या, वर्षाला फार तर एखादं वेत. फोनवर मी किंमत विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, "ताई, बंगल्यात ठेवनार का वावरात? बांधून ठेवायचं आसंल तर नका नेऊ, वेडं होतंय ते." तळेगावला आमचं रो हाऊस आहे, मागे मोकळे प्लॉट, सकाळ संध्याकाळ मी स्वतः फिरवणार, हे सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याशी वेगळं बोलले, मग म्हणाले या बघायला.

सात तास गाडी चालवून गेलो तर लिंबाखाली आई निवांत पडलेली, पिंगट रंग, पोट पाठीला लागलेलं, उठून आली, एकदा वास घेतला आणि परत जाऊन झोपली. भुंकली नाही, अंगावर उडी नाही, शेपूट हलवणं पण बेताचंच. काका म्हणाले हीच तिची जात, वळख नाही तर ती कुनाला विचारत नाही. बाप शेजारच्या गावात होता, तिथेही दुचाकीवर घेऊन गेले आणि दाखवला. पिल्लं तेव्हा सहा आठवड्यांची होती, मी पैसे काढले तर घेतले नाहीत, दोन महिने होऊ द्या म्हणाले. परत तीन आठवड्यांनी गेलो. १२ हजार घेतले, सोबत आईच्या अंगाखालचा गोणपाटाचा तुकडा दिला, पहिल्या दोन रात्री पिल्लाजवळ ठेवा म्हणून, आणि त्याच्यावरच ती शांत झोपली. जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, मला फोन करा, मी येऊन नेतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझ्या दृष्टीने १२ हजार या एका वाक्यासाठी वसूल.

आता खटकलं ते. लसीचं कार्ड दिलं त्यावर पेनाने नुसती तारीख, बाटलीवरचा स्टिकर नाही, डॉक्टरचा शिक्का नाही. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हे मी धरणार नाही, आणि पूर्ण कोर्स पहिल्यापासून केला. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने ते चार-पाच आठवडे मी तिला अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, फार वाईट गेले ते दिवस. काकांचं ब्रीडर म्हणून रजिस्ट्रेशनही नाही, विचारलं तर 'करायचंय' म्हणाले. माणूस लाख चांगला असला तरी हे चालायला नको, आणि हे मी त्यांना फोनवर बोललेही.

जातीबद्दल बोलायचं तर लोक रस्त्यात थांबवून विचारतात, ग्रेहाउंड का? नाही हो, आपलंच आहे. लातूर, नांदेड, सोलापूर, खाली कर्नाटकात विजापूर-बागलकोटपर्यंतचं हे कुत्रं. व्यापाऱ्यांच्या कारवाँबरोबर इराण, मध्य आशियाकडून सालुकी-ताझी जातीची कुत्री आली आणि दख्खनच्या माळावर त्यांचं हे रूप झालं असं मानतात, म्हणून कारवानी. कानाशेपटीला रेशमासारखे लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. मुधोळ हाउंड म्हणून जे ऐकता ते पण याच घराण्यातलं, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलं म्हणून ते नाव लागलं. २००५ मध्ये पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं, आणि २०१६ मध्ये लष्कराने मेरठला ट्रेनिंगसाठी पिल्लं नेली. आपल्याकडे मात्र अजून हस्कीची हौस, तो सायबेरियाचा जीव एप्रिल-मेमध्ये फरशीला पोट चिकटवून धापा टाकत पडलेला मला बघवत नाही.

हरणीचं पळणं एकदा बघा. सकाळी साडेसहाला मागच्या प्लॉटवर, त्याला आता सगळीकडून कुंपण आहे, लीश काढली की आधी दोन सेकंद नुसती उभी राहते, मान ताठ, मग कुठेतरी साळुंकी उडते आणि ही सुटते. मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये काढलंय, एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा पोटाखाली आखडलेले आणि एकदा पुढेमागे ताणलेले, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होतो. पाच-सहा फेऱ्या मारल्या की बास, उरलेला दिवस सोफ्यावर.

पण हेच पळणं जीवावर पण येतं. ही नजरेवर शिकार करणारी जात, एकदा मांजर किंवा खार दिसली की तुमची हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही, मग ट्रेनिंग कितीही करा. आणि डोकं मानेपेक्षा निमुळतं असल्याने साधा पट्टा सरळ निघून येतो. आमचा निघाला, सात महिन्यांची असताना, भर रस्त्यात, आणि ती दोन गाड्यांच्या मधून पार गेली. अर्ध्या तासाने सापडली, ओरखडासुद्धा नाही, पण माझे हातपाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या दिवसापासून ओढलं की आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा, दुसरं काही नाही. कारवानी घेणार असाल तर पिल्लाच्या आधी हा पट्टा घ्या.

बरगड्या दिसतात म्हणून शेजारच्या काकू अजून विचारतात, खायला घालत नाही का गं? घालते हो, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, उकडलेली अंडी, चिकन. या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, जाड केलं तर सांधे जातात. अंगावर चरबी नाही म्हणून थंडीत गोधडीत शिरते. ऑपरेशन करताना पण याचा संबंध येतो, या हाउंड लोकांना भुलीची काही औषधं उतरायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे नसबंदीच्या आधी मी डॉक्टरांना दोनदा आठवण केली, त्यांनी औषध त्या हिशोबानेच निवडलं आणि सगळं नीट झालं.

कोणाला घ्या म्हणेन? ज्यांच्याकडे कुंपणाची जागा आहे आणि रोज पळवायला वेळ आहे त्यांना. आल्यागेल्याच्या मांडीवर बसणारं, मुलांनी ओढाओढ केलेली सहन करणारं कुत्रं हवं असेल तर हे ते नाही, हिला परक्याने डोक्यावर हात ठेवलेला अजूनही आवडत नाही, मान वळवून बाजूला सरकते. सातव्या मजल्यावरच्या टू बीएचकेत तर प्लीज नका, त्यापेक्षा खालच्या रस्त्यावरचं एखादं गावठी पिल्लू घ्या, हवामानाला पक्कं आणि माणसाला लगेच लळा लावणारं. आणि ठरवायच्या आधी जमलं तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जा, तिथे श्वान प्रदर्शन असतं, मोठी झालेली कारवानी कुत्री त्यांच्या मालकांबरोबर बघायला मिळतात. मालकांशी बोला, रिंगणाबाहेर कुत्रं कसं वागतं ते बघा.

काकांना माझ्याकडून ४ स्टार, कापलेला एक लसीच्या कार्डासाठी. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन होता, या वेताला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन लस दिली म्हणाले, आणि कार्डाचा फोटो पाठवला, स्टिकर आणि शिक्क्यासकट.