ओव्या आणि बोली टिपण्यासाठी घेतलेला रेकॉर्डर: भातलावणीपासून सुगीपर्यंतचा अनुभव

कोट्यवधी लोक बोलतात त्या मराठीसाठी हा खटाटोप कशाला, असे बेळगावात मला अनेकांनी विचारले. पाठ्यपुस्तकातल्या मराठीची मला चिंता नाही. परंतु 'खट्टे जाऊलास?' (कुठे चाललास?) असे विचारणारी खानापूर आणि पश्चिम बेळगाव तालुक्यातली बोली नातवंडांच्या तोंडून झपाट्याने नाहीशी होते आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास घटनेचे कलम 350 अ राज्यांना सांगते खरे, मात्र घरातल्या बोलीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. आपल्या गावापुरते तसे काही करावे, म्हणून हा हातात मावणारा रेकॉर्डर घेतला.

आवाजाच्या बाबतीत त्याने निराश केले नाही. पूर्ण दर्जाच्या वेव्ह स्वरूपात, म्हणजे 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर, दोन्ही माइक चालू असताना तासाला साधारण 1 जीबी जागा लागते. एमपी3 मध्ये ती फारच कमी लागते, पण जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणासाठी मी ते स्वरूप वापरत नाही. खरी कसोटी लागते ती आवाजाची पातळी ठरवताना. गप्पा मारताना पुटपुटणारी आजी ओवी सुरू होताच असा काही सूर लावते की पातळी आधीच कमी ठेवलेली नसेल, तर आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाज (यंत्राची कमाल पातळी शून्य धरून) उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी मी गप्पांच्या वेळीच बांधून घेतो. जाते प्रत्यक्ष फिरवायला सांगावे, कारण हात थांबला की पुष्कळ बायकांना पुढची ओळ आठवत नाही. फक्त रेकॉर्डर जमिनीवर न ठेवता चौपदरी गोधडीवर ठेवावा, नाहीतर जात्याची घरघर शब्दांवर चढते.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात पत्र्याखाली ध्वनिमुद्रण करू नये. कौलारू घराचे माजघर त्यातल्या त्यात बरे. शिवारात यंत्रासोबत आलेली स्पंजाची टोपी वाऱ्यापुढे निरुपयोगी ठरते, केसाळ टोपी वेगळी विकत घ्यावी लागते. वीज गेली तरी दोन पेन्सिल सेलवर काम भागते, ही मोठी सोय आहे.

तक्रार आहे ती घड्याळाबद्दल. सेल काही काळ बाहेर राहिले की तारीख पुसली जाते आणि नंतर फाइलींचा क्रम लावताना डोके धरायची वेळ येते. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच गाव, तारीख, सांगणाऱ्याचे नाव आणि त्यांची संमती त्यांच्याच आवाजात घेतो. ज्यांना केवळ घरच्या आजीचे बोलणे टिपायचे आहे, त्यांनी एवढा खर्च करू नये. शांत खोली आणि चांगला मोबाइल त्यासाठी पुरेसा आहे.